पॅरी म्हणजे पॅरिसचे नव्हेत

लग्नाला चौदा वर्षं झाली, मी अजून माहेरचंच आडनाव लावते, आणि तरी सासरच्या आडनावाबद्दल कुणाला काही विचारायचं असलं की फोन मला येतो. परवा नणंदेचा आला तेव्हाच ठरवलं की एकदा हे सगळं लिहून काढायचं, नाहीतर माझ्याच डोक्यातून जायचं.

सासर वेल्समधलं. आम्ही कार्डिफला राहतो आणि सासूबाई वर रॉन्डा खोऱ्यात, जिथे एके काळी नुसत्या कोळशाच्या खाणी होत्या. आडनाव पॅरी. (पहिली नावं बदलून लिहितेय आणि शेवटच्या गावाचं नाव सांगणार नाही, ही सासूबाईंची अट. आडनाव बदललं तर लिहायला काही उरतच नाही, त्यामुळे ते त्यांनी राहू दिलं.) सासूबाईंना आम्ही मॅम म्हणतो, वेल्समध्ये आईला मॅमच म्हणतात.

मी हे आडनाव लहानपणीच वाचलेलं होतं, चेन्नईत. बाबांची तिकडे बदली होती तेव्हा बसच्या पाटीवर 'पॅरीज कॉर्नर' दिसायचं. हे मी मॅमना पहिल्याच भेटीत सांगितलं आणि मग शोधून हेही सांगितलं की ज्याच्या नावाने तो चौक ओळखला जातो तो थॉमस पॅरी खरंच वेल्सचा, वेल्शपूलच्या बाजूचा, १७८८ च्या सुमाराला मद्रासला जाऊन व्यापारात शिरला, त्याची कंपनी अजून आहे. झालं, त्या दिवसापासून मॅमच्या लेखी तो आमचा पूर्वज. त्यात त्यांच्याकडे आधीचीच एक कथा तयार होती की पॅरी म्हणजे मूळचे पॅरिसचे, कुणीतरी नॉर्मन सरदार घोड्यावरून आला वगैरे. त्यांच्या किचनमध्ये एक मग आहे, त्यावर ढाल-तलवार छापून खाली 'पॅरी' लिहिलेलं, सुट्टीत कुठल्यातरी किल्ल्याच्या दुकानातून आणलेला. मी तेव्हा मान डोलावली. सुनेने पहिल्या भेटीत मगावरून वाद घालायचा नसतो.

दोन वर्षांपूर्वी सासरे गेले आणि आम्ही माळा आवरायला घेतला. वर कापडात गुंडाळलेलं एक बायबल निघालं, पाटा-वरवंट्याइतकं जड, वेल्श भाषेतलं, पीटर विल्यम्सच्या टिपणांचं. हे १७७० मध्ये पहिल्यांदा छापलं आणि मग इतक्यांदा निघालं की जुन्या वेल्श घरांत हमखास सापडतं. आतल्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यू लिहिलेले, चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. आणि सगळ्यात वरती एक ओळ, शेवटी विल्यम टॉमस असं नाव आणि १८४१. मॅमना ती वाचता येईना. त्यांची आजी वेल्शच बोलायची, आईला कळायचं, आणि ह्यांच्यापर्यंत येता येता चॅपेलमधली गाणी आणि तीन-चार शिव्या एवढंच उरलेलं. नवऱ्याला तर तेवढंही नाही. मी म्हटलं बघते, काय अवघड आहे, डिक्शनरी आहे की.

पण शब्द डिक्शनरीत मिळेना! ओळीतला एक शब्द 'न्घ'ने सुरू होत होता आणि डिक्शनरीत त्या अक्षराखाली काहीच नाही. दोन संध्याकाळी गेल्या त्यात. मग ऑफिसातल्या वेल्श बोलणाऱ्या एकीने सांगितलं की बाई, आमच्यात शब्दाचं तोंड बदलतं, मागे 'माझा' आलं की पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर पालटतं, तू 'क'खाली बघ. म्हणजे आपलं 'घोड्याला' कुणी 'घोड्या'खाली शोधलं तर मिळणार नाही ना, 'घोडा' बघावं लागतं, तसंच, फक्त आपण शेपटी बदलतो आणि हे लोक डोकं. मूळ शब्द 'केव्हन्डेर'. ओळ अशी निघाली: माझा कझिन विल्यम टॉमस याची भेट, १८४१.

मॅमना विचारलं टॉमस कोण? म्हणाल्या, "आपल्यात टॉमस कुणी नाही. त्याच्या आईकडचा असणार, आडनाव वेगळं आहे ना." मलाही तेच वाटलं. 'केव्हन्डेर'मध्ये चुलत, मामे, मावस, आते सगळे एकाच पोत्यात, त्यामुळे भाषेकडून मदत शून्य. मी 'मामेभाऊ?' असं पेन्सिलने वहीत लिहून ठेवलं आणि पुढे गेले. ही वही पुढे दोन वर्षं चालली.

सुरुवात सोपी होती. इंग्लंड-वेल्समध्ये जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून आहे, आणि जनगणना दर दहा वर्षांनी, माणसांच्या नावांसकट, शंभर वर्षांनी सगळ्यांना खुली करतात. १९२१ ची २०२२ मध्ये खुली झाली. १९३१ ची आगीत जळून गेली, त्यामुळे ती कधीच मिळणार नाही. मी १९११ पासून धरलं कारण त्या वर्षीचे फॉर्म घरच्या कर्त्याने स्वतः भरलेले जसेच्या तसे ठेवलेत. नवऱ्याच्या पणजोबांचं अक्षर बघितलं. कोळसा खाणीतला कामगार, वय ३५, भाषेच्या रकान्यात 'दोन्ही' (वेल्समध्ये १८९१ पासून वेल्श येतं का इंग्रजी का दोन्ही हे विचारायचे), जन्म बेथेस्डा, कार्नार्व्हनशर. म्हणजे पार उत्तरेला! मॅमना धक्का. त्यांच्या मते आम्ही पिढ्यान्‌पिढ्या रॉन्डाचे.

बेथेस्डा म्हणजे पाटीच्या दगडाचं गाव. पेनरिनची ती अवाढव्य खाण तिथलीच. नोव्हेंबर १९०० मध्ये तिथे अडीच हजारांहून जास्त कामगार बाहेर पडले आणि संप १९०३ पर्यंत चालला, ब्रिटनमधल्या सगळ्यात लांबलेल्या संपांमधला एक. काही लोक कामावर परतायला लागले तेव्हा न परतलेल्यांनी खिडकीत कार्ड लावली, 'या घरात गद्दार नाही'. आणि खूप लोक पोटासाठी दक्षिणेला कोळशाकडे आले. आमचे पणजोबा तेव्हा पंचविशीच्या आत होते, ते त्याच लोंढ्यात आले असणार. मॅमना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या जरा वेळ गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, "म्हणून त्यांना गल्लीत 'नॉर्थ' म्हणायचे. मला वाटायचं ते नॉर्थ कुठल्यातरी दुकानाचं नाव."

मग मी अडकले. १८८१ मध्ये बेथेस्डा शोधतेय तर जन्मस्थानाच्या रकान्यात बेथेस्डा कुणाच्याच नावापुढे नाही. तीन आठवड्यांनी कळलं की बेथेस्डा हे गावाचं नावच मुळी १८२० साली बांधलेल्या चॅपेलवरून पडलंय, जुन्या कागदात पॅरिशचं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीचं, नाव येणार, लान्लेखिद. (त्या नावातला पहिला 'ल' हा आपला ल नाही आणि ळही नाही, जीभ ल ला लावून फुंकर मारायची. मला चौदा वर्षांत जमलेलं नाही.) लान्लेखिद टाकल्याबरोबर अख्खं घर समोर. खापरपणजोबा रॉबर्ट पॅरी, जन्म १८४६, खाणकामगार.

आता त्यांचा जन्मदाखला मागवायचा म्हटलं तर बँगर जिल्ह्यात दोन वर्षांच्या आत रॉबर्ट पॅरी नावाची तीन बाळं. मी अंदाजाने एक मागवला. चुकीचा आला. पैसे गेले, दोन आठवडे गेले, आणि नंतर समजलं की सरकारच्या स्वतःच्या ऑनलाइन इंडेक्समध्ये आईचं माहेरचं आडनाव अगदी १८३७ पासून दिलेलं आहे, ते बायबलमधल्या नावाशी जुळवलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. वेल्श आडनावाच्या मागे लागणाऱ्या कुणालाही मी हे आधी सांगते. इथे आडनावं इतकी कमी आणि पहिली नावं त्याहून कमी की आईचं आडनाव, घराचं नाव आणि धंदा हे तीन हातात नसतील तर हात लावू नका.

इतकी कमी का, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता, आणि खरं म्हणजे त्याच्या उत्तरातच पॅरीचं उत्तर होतं, पण मला ते उशिरा दिसलं.

वेल्समध्ये आडनाव नव्हतंच. माणसाचं नाव, मग 'अप', म्हणजे मुलगा, मग बापाचं नाव, हवं तर पुढे परत अप आणि आजोबांचं. मुलगी असेल तर 'व्हेर्ख'. हे वाचल्यावर मला हसूच आलं, कारण इथल्या ऑफिसांत मी माझं मधलं नाव समजावून समजावून थकलेय. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव हे आपल्याला श्वासासारखं सोपं, पण इथे फॉर्म भरला की 'मिडल नेम'मध्ये पुरुषाचं नाव बघून लोक गोंधळतात, एकदा तर वेटिंग रूममध्ये मला बाबांच्या नावाने हाक मारली आणि मी सवयीने उठले पण! आणि हेच लोक चार-पाचशे वर्षांपूर्वी अगदी आपल्यासारखं लिहायचे, फक्त शेवटचा डबा न जोडता.

त्या यादीला किंमत होती. हवेल द्दा नावाचा दहाव्या शतकातला राजा, त्याच्या नावाने ओळखले जाणारे वेल्श कायदे, त्यात बापाची जमीन मुलांत वाटली जायची, आणि कुणी खून केला तर भरपाई अख्ख्या भावकीने द्यायची, लांबच्या लांब चुलत्यांपर्यंत. मग आपण कोणाचे कोण हे पाठ असणं भागच. बाराव्या शतकात जेराल्ड नावाच्या पाद्र्याने लिहून ठेवलंय की इथला साधा माणूससुद्धा सहा-सात पिढ्या घडाघडा सांगतो. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींच्या वह्या असतात, यांची वही तोंडात.

मग इंग्रज कायदा आला. आठव्या हेन्रीने १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडला जोडून टाकला, कोर्टाची भाषा इंग्रजी केली, आणि इंग्रज कारकुनाला ही नावांची मालगाडी झेपेना. एका जमीनदाराची गोष्ट सांगतात, थॉमस अप रिचर्ड अप हवेल अप आणखी कोण कोण, त्याला कोर्टात म्हणे सांगितलं की पुरे, एकच नाव लाव, तर त्याने घराचंच नाव लावलं, मॉस्टिन. आता गंमत बघा, हा आठवा हेन्री स्वतः ट्यूडर, आणि ट्यूडर हे आडनावच या घोळातून निघालेलं! त्याचा पणजोबा ओवेन अप मॅरेदिथ अप ट्यूडर. ओवेनचा बाप मॅरेदिथ, आजोबा ट्यूडर. इंग्रजी दरबारात गेल्यावर त्याला आजोबांचं नाव चिकटलं. बापाचं चिकटलं असतं तर शाळेत सगळ्यांनी मॅरेदिथ घराणं पाठ केलं असतं. ऑलिव्हर क्रॉमवेलचंही तसंच, त्याच्या खापरपणजोबाचं नाव मॉर्गन अप विल्यम, पुढच्या पिढीने मोठ्या हुद्द्यावरच्या मामाचं क्रॉमवेल नाव उचललं, नाहीतर राजाचं डोकं उडवणारा माणूस विल्यम्स म्हणून प्रसिद्ध झाला असता.

असं करत करत 'अप' पुढच्या नावात विरघळला. शाळेतला संधी आठवा. अप आणि हवेल, पॉवेल. अप आणि ऱ्हीस, प्राइस. अप आणि ह्यू, प्यू. अप रिचर्डचा प्रिचर्ड, अप रॉबर्टचा प्रॉबर्ट. स्वर आला की अप चा अब होतो (सांगा बरं, कोणता नियम), म्हणून अब ओवेनचा बोवेन आणि अब इव्हनचा बेव्हन. काहींना रंगरूपावरून मिळालं, ल्वीद म्हणजे करडा त्याचा लॉइड, कोख म्हणजे लाल त्याचा गॉफ, धाकटा तो व्हॉन. आणि अप हॅरी, त्याचा पॅरी. बास. पॅरिस नाही, घोडा नाही. कुणाचातरी बाप हॅरी होता.

हे मी मॅमना एका रविवारी जेवणानंतर सांगितलं, बटाटे भाजलेले, वातावरण चांगलं होतं. त्या म्हणाल्या, "कुठला हॅरी?"

प्रश्न बरोबर होता! पुस्तकात लिहिलंय पॅरी म्हणजे हॅरीचा मुलगा, हे कुणीही दोन मिनिटांत सांगेल. पण हॅरी हजारो होते, प्रत्येकाच्या मुलांनी वेगवेगळं पॅरी लावलं, म्हणून दोन पॅरी एकमेकांचे कोणीही नसतात, आणि मद्रासच्या थॉमसशी आमचं नातं जोडायला कणभर पुरावा नाही. मगावरची ढाल तर सरळ थाप, इथल्या नियमात ती चिन्हं एखाद्या माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतात, आडनावाला मिळत नाहीत. मग आमचा हॅरी कोण? आतापर्यंत मी आडनाव शोधत होते, आता माणूस शोधायचा होता.

जरा जोन्सबद्दल सांगते, नाहीतर राहून जाईल. बाहेरच्यांना वाटतं जोन्स म्हणजे अस्सल वेल्श, पण वेल्श वर्णमालेत 'ज' मुळात नव्हताच. जॉनला हे शॉन, यवान, इव्हन असं काय काय म्हणायचे, कारकुनाने इंग्रजीत जॉन्स-जोन्स करून टाकलं. आडनावं पक्की व्हायच्या वेळेला जुनी वेल्श नावं मागे पडून जो तो जॉन, विल्यम, डेव्हिड, टॉमस, म्हणून मग जिकडे तिकडे जोन्स, विल्यम्स, डेव्हिस. १८५० च्या दशकात सरकारी नोंदणी अधिकाऱ्याच्या अहवालात तक्रार आहे की वेल्समध्ये बाजारात जॉन जोन्स असं ओरडलं तर कोणाला बोलावलं हे कुणालाच कळत नाही. म्हणून गावोगावी टोपणनावं, दूधवाला जोन्स, पाववाला डाय (म्हणजे डेव्हिड). आणि आपल्याला माहीत असलेला जोन्स, कलकत्त्याला १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटी काढणारा, संस्कृतवाला सर विल्यम जोन्स, त्याचे वडील अँगलसी बेटावरचे गणिती, पाय हे चिन्ह वर्तुळाच्या त्या आकड्यासाठी १७०६ मध्ये पहिल्यांदा वापरणारे तेच. त्यांच्या वडिलांचं पहिलं नाव शॉन, म्हणून ते जोन्स. जुनी पद्धत अजून एक पिढी चालली असती तर आपला संस्कृतवाला विल्यम विल्यम्स झाला असता.

तर हॅरी. खापरपणजोबांचे वडील विल्यम पॅरी, बायबलमधली ती पहिली ओळ त्यांच्याच हातची. १८४१ च्या जनगणनेत वय २५ लिहिलंय, पण त्या वर्षी मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढायचे, त्यामुळे २५ म्हणजे २५ ते २९ काहीही. जन्मगावही नाही, फक्त याच काउंटीत जन्मला का, हो. १८५१ मध्ये पॅरिश लिहिलेली सापडली, लीन द्वीपकल्पातली, म्हणजे नकाशावर वेल्सचा जो हात समुद्रात आयर्लंडकडे दाखवतोय तिथली. लग्नाच्या दाखल्यावर वडील रॉबर्ट पॅरी, शेतकरी.

इथून पुढे सरकार संपलं, चर्च सुरू. चर्चची रजिस्टरं काही पैसे भरायच्या साइटवर, काही कार्नार्व्हनच्या आर्काइव्हमध्ये. विल्यमचा बाप्तिस्मा लगेच मिळाला, १८१४. छापील फॉर्म, आईबापाचं पहिलं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या रकान्यात, रॉबर्ट, पॅरी, मग घराचं नाव, धंदा. मी खुशीत, म्हटलं आता त्याची मोठी भावंडं काढू. १८०० च्या आसपासची पानं चाळतेय, पॅरी कुणीच नाही. एकही नाही. पॅरिश अर्ध्या तासात संपते एवढी छोटी. मी तीनदा बघितलं. मग कंटाळून आडनाव सोडलं आणि घराचं नाव धरून वाचायला लागले, तर १७९९, त्याच घरात, मुलगी, बाप रॉबर्ट हॅरी. १८०२, मुलगा, रॉबर्ट हॅरी. १८०७ ची जागा ओल लागून गेलेली. आणि १८१४ ला एकदम रॉबर्ट पॅरी, तीच बायको, तेच घर.

मधे काय झालं? मला सुचेना, म्हणून आर्काइव्हमधल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तारीख बघा. १८१३ पासून छापील फॉर्म आला." १८१२ चा कायदा, १ जानेवारी १८१३ पासून सगळ्या पॅरिशना हेच छापील पुस्तक. त्याआधी पाद्री कोऱ्या पानावर मनाला येईल तसं लिहायचा, अमक्याचा तमका. आता समोर रकाना, आडनाव, रिकामा. काहीतरी भरायलाच हवं. सगळीकडे असंच झालं असं नाही, बहुतेक ठिकाणी आडनावं त्याच्या खूप आधी पक्की झाली होती, पण उत्तर-पश्चिमेच्या गरीब कोपऱ्यात अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत, कुठेकुठे त्याच्याही पुढे, जुनी पद्धत चालू होती. आमचं आडनाव त्या रकान्यात पहिल्यांदा दिसतं. अंगठाबहाद्दर रॉबर्टने लग्नाच्या वेळी, १७९८ मध्ये, फुली मारलीय, त्याला पॅरी हे स्वतःचं नाव वाचताही येत नसेल.

म्हणजे रॉबर्टचा बाप हॅरी. १८०७ चं ओल लागून गेलेलं पान आणि अजून मागचं बघायला मी अ‍ॅबरिस्टविथला गेले, नॅशनल लायब्ररीत. पाद्री दर वर्षीच्या नोंदींची एक नक्कल बिशपकडे पाठवायचे, त्या नकला तिथे आहेत, मूळ पान सडलं तरी नक्कल टिकते कधीकधी. कार्डिफहून ट्रेनने जायचं तर आधी इंग्लंडात श्रूझबरीला जाऊन परत वेल्समध्ये यावं लागतं, म्हणून नवऱ्याने गाडीने नेलं, वाटेत तीन तास मेंढ्या आणि त्याची कुरकुर. लायब्ररी टेकडीवर, पांढरी, समोर सगळा समुद्र, आत फक्त पेन्सिल चालते. नक्कल मिळाली. १८०७, रॉबर्ट हॅरी. आणि मागे १७७१, रॉबर्ट, हॅरी टॉमसचा मुलगा.

टॉमस!

मी मायक्रोफिल्मसमोर बसून तो शब्द बघत राहिले, कारण बायबलमधला टॉमस मला त्या क्षणी आठवला, पण म्हटलं थांब, टॉमस काय सगळीकडेच आहेत. हॅरी टॉमस म्हणजे हॅरी, टॉमसचा मुलगा. मग पुढचं काम घरी येऊन केलं, कारण १८५८ च्या आधी वेल्सच्या चर्चच्या कोर्टांत आलेली मृत्युपत्रं याच लायब्ररीने स्कॅन करून फुकट टाकलीत, आणि हे मी आधी का केलं नाही म्हणून स्वतःला चार शब्द सुनावले. बँगरच्या बिशपच्या हद्दीत, १७९० च्या दशकात, हॅरी टॉमस, त्याच घराचा. दोन पानं, इंग्रजीत, जी भाषा त्या म्हाताऱ्याला बहुतेक येतच नव्हती, लिहिणारा दुसराच कुणीतरी, खाली फुली. सोबत मालमत्तेची यादी, दोन गायी, एक वासरू, मेंढ्या, एक माग, एक पलंग, जुनी भांडी. मोठा मुलगा जॉन टॉमस याला माग आणि घराची भाडेपट्टी, धाकटा रॉबर्ट हॅरी याला गाय.

दोन सख्खे भाऊ आहेत, एकाच कागदावर, दोन ओळींच्या अंतरावर. थोरल्याने बापाचं 'टॉमस' उचललं, म्हणजे इंग्रजांसारखं आडनाव म्हणून, आणि धाकटा जुन्या पद्धतीने हॅरीचा मुलगा राहिला. एकाची पोरं टॉमस झाली, दुसऱ्याची पॅरी. मी रजिस्टरमध्ये जॉनच्या मुलांकडे गेले. १८०९, विल्यम, जॉन टॉमसचा मुलगा, विणकर. १८४१ च्या जनगणनेत हा विल्यम टॉमस लान्लेखिदला, आमच्या विल्यमच्या घरापासून चार दारं सोडून, धंदा दुकान. म्हणजे खाणीत राबणाऱ्या चुलतभावाला जाडजूड बायबल भेट द्यायची ऐपत त्याची होती.

वहीतलं 'मामेभाऊ?' खोडलं आणि 'चुलत' लिहिलं, त्याच पेन्सिलने.

मधे नवऱ्याने डीएनए टेस्ट पण केली, वाढदिवसाला कुणीतरी किट दिलेलं. त्यात तीन पॅरी निघाले, तिघेही नात्यात नाहीत, आणि लिव्हरपूलकडचा एक टॉमस निघाला, लांबचा. तेव्हा आम्ही त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं. आता नवरा त्याला मेल लिहितोय, तीन आठवडे झाले, अजून 'डिअर'च्या पुढे गेलेला नाही.

हॅरीच्या मागचा टॉमस कोण ते निघालं नाही, त्या पॅरिशची आधीची पानं वाचण्यासारखी उरलेली नाहीत. मे महिन्यात आम्ही सगळे तिकडे जाऊन आलो, मॅमना घेऊन. घर पडलंय, भिंती आहेत, गोठा कुणीतरी वापरतं. चर्चच्या आवारात पाटीच्या दगडाचे उभे स्लॅब, अक्षरं दोनशे वर्षांनी पण कालची वाटतात. हॅरीचा दगड नाही, तेवढे पैसे नसणार. जॉन टॉमसच्या बायकोचा मिळाला आणि त्यावर तिचं माहेरचं आडनाव, कारण वेल्समधल्या बायका लग्नानंतरही माहेरचं नाव ठेवायच्या, दगडावरसुद्धा. मॅमनी ते दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे या घरात खरी वेल्श सून तूच."

तो ढाल-तलवारीचा मग अजून किचनमध्येच आहे. त्याच्यात आता चहा पीत नाहीत, लाकडी चमचे ठेवलेत. आणि चेन्नईचा थॉमस पॅरी आपला कुणी नाही हे त्यांना मान्य आहे असं त्या म्हणतात, पण नणंद परवा फोनवर विचारत होती की त्या मॉरिसन्समधल्या कॅशियरला इंडियात आपल्या नावाचा चौक आहे म्हणून का सांगत होत्या.